सगळं एकदमच आलं, तर काय करायचं?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मैत्रिणींनो, कुणी शेतात असाल, कुणी चुलीपुढे, कुणी गटाच्या बैठकीत एकत्र बसून ऐकत असाल.

आज बोलायचंय ते काम, छंद आणि कॉलेजचं शिक्षण हे तिन्ही एकत्र सांभाळणाऱ्या बायांबद्दल. अशा ताई आता बऱ्याच गावांत आहेत. कुणी आशा आहे, कुणी अंगणवाडी सेविका, कुणी बचत गटाची सीआरपी. लग्नाच्या वेळी शिक्षण अर्धं राहिलं होतं. मुलं जरा हाताखाली आल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. पूर्ण केलं, आणि आता एम.ए.ला नाव घातलंय. शिवाय भजनी मंडळात पेटी वाजवते, नाहीतर गोधड्या शिवते, नाहीतर गावातल्या वाचनालयाचं काम बघते.

वर्षातले सात-आठ महिने हे जमून जातं. अडतं ते दोन-तीन महिन्यांत, जेव्हा सगळं एकदम अंगावर येतं. आणि त्याच दोन-तीन महिन्यांत बाई ठरवते, “जाऊ दे, शिक्षण आपल्याच्यानं होणार नाही.” पुस्तकं माळ्यावर जातात आणि पुन्हा खाली उतरत नाहीत. फी गेली, वर्ष गेलं. त्याहून वाईट म्हणजे “मला जमलं नाही” हे मनात कायमचं बसतं. म्हणून आज त्या दोन-तीन महिन्यांबद्दलच बोलू.

गर्दी कुठे होते ते आधी बघा

समजा, एक आशाताई आहे. तिने इग्नूमधून एम.ए.ला प्रवेश घेतलाय आणि ती गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवते. तिचं सप्टेंबर ते डिसेंबर कसं जातं, बघा.

सप्टेंबरच्या सुमारास पोषण महिना येतो. तो २०१८ पासून दरवर्षी होतो. रॅली, पाककृती, बैठका, फोटो, अहवाल. त्याच सुमाराला गौरी-गणपती. लगेच सोयाबीनची काढणी. मग नवरात्र, म्हणजे मंडळाची भजनं रोज. २ ऑक्टोबरची ग्रामसभा. डिसेंबरच्या परीक्षेचा अर्ज याच दिवसांत भरायचा असतो, आणि असाइनमेंटची मुदतही साधारण ऑक्टोबरअखेर असते. पुढे दिवाळी. कार्तिकी एकादशीला मंडळाचा कार्यक्रम. कापूस वेचणी चालूच. हरभऱ्याची पेरणी. आणि डिसेंबरात परीक्षा.

आता सांगा, यातलं अचानक आलेलं काय आहे? पाऊस लांबला तर काढणी पुढेमागे होईल, एखादं बाळंतपण मध्येच येईल. बाकी सगळं आपल्याला जूनमध्येही माहीत असतं. पण आपण ते एकत्र मांडून बघत नाही. पोषण महिना कामाच्या डायरीत, सण कालनिर्णयमध्ये, परीक्षा मोबाईलवर, आणि भजन मंडळातल्या काकूंच्या तोंडी. चार जागी चार गोष्टी. म्हणून त्या एकमेकींवर आदळतात तेव्हाच कळतं.

म्हणून पहिलं काम अगदी साधं. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि पुढच्या सहा महिन्यांच्या सगळ्या तारखा एकाच कॅलेंडरवर लिहा. कामाच्या लाल पेनाने, अभ्यासाच्या निळ्या, घर-शेताच्या हिरव्या, आणि छंदाच्यासुद्धा लिहा. छंदाच्या तारखा आपण लिहीत नाही, कारण ते “काम” नाही असं वाटतं. पण तालमीला वेळ लागतोच की. ज्या आठवड्यात तीन-तीन रंग दिसतील तो आपला गर्दीचा आठवडा. तो दोन महिने आधी दिसला तर त्याचं काहीतरी करता येतं.

हे कॅलेंडर घरात सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लावा. नवऱ्याला, सासूबाईंना, मुलांना रोज दिसलं पाहिजे.

अभ्यासाला खरंच किती वेळ लागतो?

प्रवेश घेताना आपल्याला वाटतं, घरी बसून तर करायचंय, रात्री तासभर वाचलं की झालं. इथे हिशेब चुकतो.

मुक्त विद्यापीठात अभ्यास श्रेयांकात मोजतात. त्यालाच क्रेडिट म्हणतात. एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. त्यात वाचणं, लिहिणं, असाइनमेंट, संपर्क वर्ग सगळं आलं. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास. आता ६४ श्रेयांकांचा एम.ए. धरा. ६४ गुणिले ३०, म्हणजे १,९२० तास. हे दोन वर्षांत करायचं तर आठवड्याला साधारण साडेअठरा तास, म्हणजे रोज २ तास ४० मिनिटं. तेही सणवार, आजारपण, शेती काही न धरता.

आकडा ऐकून घाबरू नका, पुढचं ऐका. इग्नूच्या बहुतेक एम.ए. अभ्यासक्रमांना कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त चार वर्षं मिळतात. तोच अभ्यास चार वर्षांत केला, तर आठवड्याला सव्वानऊ तास. रोजचा सव्वा तास आणि थोडं वर. पदवी तीच, गुणपत्रिका तीच.

पण हे चार वर्षांचं कुणी आपल्याला नीट समजावून सांगत नाही. मग दोन वर्षांत झालं नाही की आपण म्हणतो, “नापास.” तसं नसतं. दोन वर्षं ही सगळ्यात लवकर पूर्ण होण्याची मुदत आहे. कामं सांभाळून शिकणाऱ्या बाईने तीन किंवा चार वर्षं धरून चालावं. त्यात कमीपणा काही नाही.

परीक्षेचंही तसंच. इग्नूच्या परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये होतात. परीक्षेचा अर्ज आणि शुल्क दर पेपरमागे असतं. म्हणजे चार पेपर असले तर दोन जूनला आणि दोन डिसेंबरला देता येतात. एक पेपर राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा, बाकीचे गुण तसेच राहतात. असाइनमेंटला साधारण ३० टक्के वजन असतं आणि लेखी परीक्षेला ७० टक्के. असाइनमेंटचे मिळवलेले गुणही जात नाहीत.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. तिथे मराठीतून शिकता येतं, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणी तिथेच शिकतात. तिथले नियम अभ्यासक्रमाप्रमाणे वेगळे असतात. म्हणून प्रवेश घेतल्याबरोबर माहितीपुस्तिका उघडा आणि पाच गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. अभ्यासक्रम पूर्ण करायची जास्तीत जास्त मुदत किती? परीक्षा वर्षातून किती वेळा? पेपर राहिला तर पुन्हा कधी? असाइनमेंटची शेवटची तारीख कोणती? पुढच्या वर्षाची नोंदणी कधी करायची? कळलं नाही तर अभ्यास केंद्रात जाऊन विचारा. फी आपण भरलीय, विचारायला लाजायचं कारण नाही.

आणखी एक. “घरबसल्या केलेली डिग्री खरी नसते” असं कुणी म्हणालं, तर सांगा की मान्यता असलेल्या मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या कॉलेजच्या पदवीइतकीच धरली जाते, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. फक्त आपल्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे ना, एवढं प्रवेशाआधी बघून घ्या.

तीन टोपल्या करा

गर्दीच्या आठवड्यात सगळंच महत्त्वाचं वाटतं. तेव्हा कामांच्या तीन टोपल्या करायच्या.

पहिल्या टोपलीत न हलणारी कामं. आपल्या आशाताईचंच बघा. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा भेटी द्यायच्या असतात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरीच झालं तर पहिल्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीची भेट परीक्षा आहे म्हणून दहाव्या दिवशी नेता येत नाही. बाळ दूध ओढतं का, गार पडलंय का, बाळंतिणीला ताप आहे का, हे त्याच दिवशी बघावं लागतं. परीक्षेची तारीखही अशीच न हलणारी.

दुसऱ्या टोपलीत सरकवता येणारी कामं. रजिस्टर नीट उतरवून काढणं, वाळवणं, घराची मोठी आवराआवर, असाइनमेंट लिहिणं. हो, असाइनमेंटसुद्धा. तिला शेवटची तारीख आहे, पण ती आधी लिहायला कुणी अडवलेलं नाही. श्रावणात कामं जरा हलकी असतात. तेव्हा दोन असाइनमेंट लिहून ठेवल्या तर ऑक्टोबरचं अर्धं ओझं उतरतं. आपण नेहमी सरकवायचं म्हणजे पुढे ढकलायचं असं धरतो. अलीकडेही ओढता येतं, हे लक्षात ठेवा.

तिसऱ्या टोपलीत या वेळी सोडून द्यायची कामं. दिवाळीला सात प्रकारचा फराळ करायलाच हवा का? तीन प्रकार चालतील. चकलीची ऑर्डर गटातल्याच मैत्रिणीला द्या, तिलाही चार पैसे मिळतील. हळदी-कुंकवाला, बारशाला, डोहाळजेवणाला प्रत्येक ठिकाणी तीन तास बसलंच पाहिजे असं नाही. जाऊन, ओटी भरून, अर्ध्या तासात परत आलं तरी नातं तुटत नाही.

एक सावधगिरी हवी. बरीच कामं मोबदल्याची असतात. आशाताईला कामाप्रमाणे पैसे मिळतात, काम सुटलं तर पैसे सुटतात. म्हणून “अभ्यासासाठी महिनाभर काम सोड” हा सल्ला तिला देण्यात अर्थ नाही. तिला हवी असते ती कामाची अदलाबदल. शेजारच्या पाड्यावरच्या आशाताईशी आधी बोलून ठेवायचं. “तुझ्या मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात मी तुझ्या गृहभेटी बघते, माझ्या परीक्षेच्या आठवड्यात तू माझ्या बघ.”

हे वरिष्ठांनाही वेळेवर आणि तारखेसकट सांगायचं. “मॅडम, मला जरा अडचण आहे” असं म्हटलं तर त्यांना काहीच कळत नाही. असं सांगा: “मॅडम, ८ ते १४ डिसेंबर माझी परीक्षा आहे. महिन्याचा अहवाल मी ५ तारखेलाच देते. त्या आठवड्यात शेजारच्या ताई माझ्या गृहभेटी करतील, त्यांच्याशी बोलणं झालंय. तुम्ही तेवढी परवानगी द्या.” काम कोण करणार हे आपणच सांगितलं की समोरच्या माणसाला हो म्हणणं सोपं जातं. आणि हे परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही, महिनाभर आधी सांगायचं.

घरातला वेळ कुठे जातो?

आता जरा अवघड विषय. घर.

आपल्या देशात सरकार वेळेची पाहणी करतं. माणसं दिवसभरात कशाला किती वेळ देतात, ते विचारतात. २०२४ च्या पाहणीत असं दिसलं की, घरकाम करणाऱ्या बाया घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात. पुरुषांचा आकडा आहे ८८ मिनिटं. आणि हा आकडा जे पुरुष घरकाम करतात त्यांचा आहे. जे करतच नाहीत ते यात धरलेलेच नाहीत.

दोन्हींतला फरक २०१ मिनिटांचा, म्हणजे ३ तास २१ मिनिटं. मघाशी आपण काय म्हणालो? दोन वर्षांत एम.ए. करायचं तर रोज २ तास ४० मिनिटं लागतात. म्हणजे अभ्यासाचा वेळ घरातच आहे, फक्त तो भांडी, धुणं, पाणी आणि स्वयंपाकात गेलाय.

सगळा फरक एका वर्षात मिटणार नाही, हे आपल्यालाही कळतं. पण परीक्षेच्या आधीचे सहा आठवडे मागून घेता येतात. मागताना “मला मदत करा” एवढंच म्हटलं, तर दोन दिवस उत्साहात मदत होते आणि तिसऱ्या दिवशी सगळे विसरतात. त्यापेक्षा ठरावीक काम ठरावीक माणसाच्या नावावर करा. सकाळचं पाणी भरणं नवऱ्याकडे. संध्याकाळची भांडी मोठ्या मुलाकडे, मुलीकडेच नको. भाजी निवडणं सासऱ्यांकडे. सासूबाईंना सांगा, “आई, महिनाभर रात्रीच्या भाकरीचं तुम्ही बघा, मी दुपारचं सगळं करून जाते.” आणि भाकरी जाड झाली, भांड्याला साबण राहिला, तरी आपण उठून पुन्हा करायचं नाही. आपण दुसऱ्यांदा केलं की ते काम परत आपल्याच नावावर येतं.

झोप मात्र कापू नका. मोठ्या माणसाला सात तासांची झोप लागते. वाचलेलं डोक्यात पक्कं बसायलाही झोप लागते. रात्री दोनपर्यंत जागून पहाटे पाचला उठणारी बाई चार दिवस तग धरते, पाचव्या दिवशी पान उघडलं तरी अक्षर शिरत नाही.

थोड्या वेळात अभ्यास कसा करायचा?

सलग तीन तास मिळतील तेव्हा बसू, असं म्हटलं तर ते तीन तास मिळत नाहीत. अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करा. रोज थोडा अभ्यास हा परीक्षेच्या आदल्या आठवड्यातल्या रात्रभराच्या अभ्यासापेक्षा जास्त टिकतो.

एक पाठ वाचला की पुस्तक मिटा आणि काय कळलं ते मोठ्याने सांगा. भिंतीला सांगा, मुलाला सांगा, म्हशीला सांगितलं तरी चालेल. जिथे अडखळाल तिथलंच पुन्हा वाचा. नुसतं तीनदा वाचण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं लक्षात राहतं.

मोबाईलवर आपल्याच आवाजात उत्तर बोलून ठेवा आणि भाकऱ्या थापताना, कापूस वेचताना ऐका. आत्ता तुम्ही हा रेडिओ ऐकताय ना, तसंच.

आणि हाताने लिहायचा सराव ठेवा. परीक्षेत तास न् तास लिहावं लागतं. वर्षानुवर्षं लिहिलं नसेल तर हात भरून येतो आणि येत असलेलं उत्तरही अर्धं राहतं. आठवड्याला एक उत्तर घड्याळ लावून लिहिलं तरी फरक पडतो.

छंद आधी सोडू नका

गर्दी झाली की आपण सगळ्यात आधी काय सोडतो? भजन. शिवण. वाचन. कारण त्यासाठी कुणी रागावत नाही. काम सोडलं तर मॅडम बोलतील, स्वयंपाक सोडला तर घरचे बोलतील. भजनाला गेलो नाही तर कोण विचारणार?

पण विचार करा. दिवसभरात ती एकच गोष्ट असते जी आपण कुणाच्या सांगण्यावरून करत नाही. तिथे हसणं होतं, गळा मोकळा होतो, मनातलं बोलता येतं. ते बंद झालं की बाकीची दोन ओझी जास्त जड लागतात. “मला जमत नाही” असं वाटायला तिथूनच सुरुवात होते.

आपल्या आयाआज्यांनी छंदासाठी वेगळा वेळ कधी मागितला नाही, तो त्यांना मिळालाही नसता. त्यांनी जात्यावर ओव्या रचल्या. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. शेतातली आणि घरातली कामं करता करता त्या गाणी रचायच्या. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती लिहून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती त्यानंतर. “एवढी कामं पडलीत, गाणी कसली रचतेस” असं म्हणून त्या गप्प बसल्या असत्या, तर आज आपल्याकडे काय उरलं असतं?

म्हणून छंद बंद करू नका, त्यातली जबाबदारी तेवढी कमी करा. मंडळाच्या काकूंना सांगा, “काकू, डिसेंबरपर्यंत पेटी दुसरीच्या हातात द्या. स्पर्धेचं सगळं ठरवायचं काम मला देऊ नका. पण गुरुवारी मी टाळ घेऊन मागे बसणार.” गोधडी शिवत असाल तर ऑर्डर घेऊ नका, पण संध्याकाळी दहा टाके घाला. छंदात नवीन काही घ्यायचं नाही आणि जुनं सगळं सोडायचं नाही. परीक्षा झाली की पेटी पुन्हा आपल्याकडे.

आणि तरीही पेपर बुडला तर?

इतकं सगळं करूनही कधीकधी होतं. पोराला ताप आला, सासऱ्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, काढणीच्या दिवशीच पाऊस आला. पेपर बुडला.

त्या दिवशी काही ठरवू नका. रडू आलं तर रडा. दुसऱ्या आठवड्यात मात्र तीन कामं करा. एक, तो पेपर पुन्हा कधी देता येईल ते बघा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन, असाइनमेंट जमा केल्याची पावती आणि असाइनमेंटची झेरॉक्स एका पिशवीत सांभाळून ठेवा. गुण चढले नाहीत तर तोच पुरावा लागतो. तीन, पुढच्या वर्षाची नोंदणी मुदतीत करा. पेपर बुडल्याने पदवी जात नाही, पण मन खट्टू झालं म्हणून नोंदणी राहिली तर वर्ष खरंच जाऊ शकतं.

गट काय करू शकतो?

आता गटातल्या बाकीच्या मैत्रिणींना सांगायचंय. तुमच्यातली एक जण शिकत असेल, तर ते तिच्या एकटीचं काम राहू देऊ नका.

परीक्षेच्या फीसाठी गटातून छोटं अंतर्गत कर्ज देता येतं. खतासाठी देतो, बारशासाठी देतो, मग फीसाठी का नको? परीक्षेच्या दिवशी तिची लहान मुलं एकीने सांभाळावीत. केंद्र तालुक्याला किंवा जिल्ह्याला असेल तर तिच्यासोबत एकीने जावं. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा दोघींचं जाणं एका तिकिटात होतं. गटाची बैठक परीक्षेच्या आठवड्यात आली तर तारीख एकदा बदलावी. आणि बैठकीत दहा मिनिटं तिला शिकलेलं सांगायला लावावं. तिची उजळणी होईल आणि आपल्यालाही काही नवीन कळेल.

ती शिकली तर काय मिळतं? एखादीला वरच्या पदासाठी अर्ज करता येतो. एखादी ग्रामसभेत उभी राहून कागद वाचून दाखवते. आणि तिची मुलगी रोज बघते की आई पुस्तक घेऊन बसते तेव्हा घरातले बाकीचे भांडी घासतात. त्या मुलीला पुढे आपल्या शिक्षणासाठी वेळ मागावा लागणार नाही. तिच्या दृष्टीने तो असायचाच.

तर मैत्रिणींनो, आजच एक काम करा. भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा, पेन घ्या आणि पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा लिहायला बसा. शिकत नसाल तरी लिहा, गर्दी तुम्हालाही होतेच. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.

गटात बोलण्यासाठी

१. आपल्या गावात सगळ्यात जास्त गर्दीचे दोन महिने कोणते? त्यातलं कोणतं काम आधी उरकता येईल?

२. गटात किंवा ओळखीत शिक्षण अर्धं सोडलेली कुणी आहे का? तिची मुदत अजून शिल्लक आहे का, ते तिच्यासोबत कोण बघेल?

३. घरातलं एक काम कायमचं दुसऱ्याच्या नावावर करायचं असेल, तर तुम्ही कोणतं कराल आणि कुणाच्या?

४. तुम्ही सोडलेला छंद कोणता? आठवड्यातून अर्धा तास तो पुन्हा सुरू करायचा तर काय लागेल?